शंभर टक्के भाऊजी

शनिवारी आमचे भाऊजी उपास धरतात आणि त्यांची गाडी पोटभर जेवते. रात्री नवाच्या सुमारास गाडीला चार्जर लागतो, सकाळी सातच्या आत आकडा शंभरावर जातो आणि मगच भाऊजी रविवारच्या दाढीला बसतात. मधल्या वेळात ते झोपत नाहीत असं नाही. पण दर तासाला पाणी प्यायला म्हणून उठतात आणि पाणी न पिताच, मोबाइलवरचे टक्के पाहून, परत आडवे होतात. ताई म्हणते, "पोट्टे लहान होते तवा एक रात्र नाई जागले. आता गाडीले ढेकर येतपर्यंत जागते हा माणूस."

हा नमुना आता वऱ्हाडात जागोजागी उगवला आहे. अमरावतीच्या साईनगरात एक, कॅम्पात एक. अकोल्याच्या जठारपेठेत एक, रतनलाल प्लॉटमध्ये एक. ओळखायला त्याची गाडी पाहावी लागत नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन जो माणूस "निकेल-कोबाल्टच्या भानगडीत आपण पडलोच नाई" असं कोणी न विचारता सांगतो, तो हा. त्याच्या गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. हे तिन्ही शब्द तो सुटे सुटे उच्चारतो, एकही गाळत नाही. समोरच्यानं "म्हणजे बॅटरीवरची गाडी ना?" असं म्हटलं की त्याचा चेहरा पडतो.

भाऊजींची नोकरी लेखापरीक्षणाची. सगळा जन्म दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेला, त्यामुळे आक्षेप ही त्यांची मातृभाषा झाली आहे. ताईला पाहायला आले तेव्हा पोह्यांवर खोबरं कमी असल्याचा शेरा त्यांनी तोंडी नोंदवला होता, असं आमची आई अजून सांगते. लग्नानंतर घेतलेल्या स्कूटरच्या पेट्रोलची पहिल्या लिटरपासूनची डायरी त्यांच्याकडे आहे. स्कूटर बंद पडली की तिला डाव्या अंगावर कलती करून टाकीच्या कोपऱ्यात दडलेलं पेट्रोल बाहेर काढायचे आणि त्या कोपऱ्यातल्या पेट्रोलचीही वेगळी नोंद करायचे. गावात नवी गाडी आली की लोक रंग पाहतात, भाऊजी विचारत, "एव्हरेज किती देते?"

अशा माणसाच्या हाती जानेवारी २०२० मध्ये टाटांच्या नेक्सॉन ईव्हीची जाहिरात पडली. फॉस्फेटची बॅटरी, ३०.२ किलोवॅट-तास, कागदावर ३१२ किलोमीटर, बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. भाऊजींनी ती जाहिरात कापून फायलीला लावली. पुढे टियागो आली, एमजीची कॉमेट आली, पंच आली, विंडसर आली, २०२४ च्या नोव्हेंबरात महिंद्रांनीही आपल्या नव्या गाड्यांना हीच बॅटरी दिली. फाइल जाड होत गेली. शेवटी त्यांनी नेमकी कोणती गाडी घेतली ते मी लिहीत नाही, कारण ते स्वतःच सांगत नाहीत. "नाव काय विचारता? केमिस्ट्री विचारा," म्हणतात.

त्यांना ही केमिस्ट्री पटली ती सासुरवाडीमुळे. सासुरवाडी अकोल्याची. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या पलीकडे जातो हे महाराष्ट्राला पाठ आहे. २०२४ च्या मे अखेरीस तर जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी १४४ कलम लावलं होतं. ज्या गावात उन्हामुळे जमावबंदी होते त्या गावात जावयाची गाडी उभी करायची, तर बॅटरी शांत डोक्याची हवी. फॉस्फेटची बॅटरी खरोखर तशी आहे. तिच्यात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो. सेल बिघडला, भलता तापला, तरी तो सहजी सुटत नाही. निकेल-कोबाल्टच्या सेलमधून तो लवकर सुटतो आणि आगीला घरचाच वारा मिळतो. म्हणून फॉस्फेटची बॅटरी पेटतच नाही असं नव्हे. तिला पेटायला फार मनधरणी लागते. शिवाय उन्हात बॅटरी पेटली नाही तरी म्हातारी लवकर होते, मग ती कोणत्याही रसायनाची असो. भाऊजी मात्र "पेटत नाई" एवढंच सांगतात. उरलेलं तळटीप समजून गाळतात.

नागपूरच्या साडूंशी त्यांचं बिनसलं तेही यावरूनच. साडूंची गाडी दुसऱ्या रसायनाची, जास्त लांब जाणारी, वजनाला हलकी बॅटरी असलेली. पण तिला रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरा, असं सांगितलेलं. भाऊजींच्या गाडीला बिनधास्त शंभर चालतात, आठवड्यातून एकदा तर भरलेच पाहिजेत. साडू आपल्या गाडीच्या पळण्याचं कौतुक करू लागले की भाऊजी शांतपणे म्हणतात, "ते खरं. पण पंगतीतून ऐंशी टक्क्यावर उठा लागते ना बिचारीले." साडू गप्प. मग ताई भाऊजींना तिसरी पोळी वाढते आणि म्हणते, "तुमी कधी उठता ते सांगा."

आता आठवड्यातून एकदा शंभर कशाला, हे समजून घेतलं पाहिजे. देवानं भाऊजींची खरी गंमत इथंच केली आहे. या बॅटरीचा एक सेल साधारण ३.२ व्होल्टचा. निकेलवाल्या सेलचं व्होल्टेज रिकामं होताना बऱ्यापैकी सरळ उतरत जातं, त्यावरून आत किती उरलं याचा अदमास बांधता येतो. फॉस्फेटच्या सेलचा चेहरा मात्र नव्वदला तोच, साठला तोच, तिसाला जवळजवळ तोच. अगदी तळाशी गेल्यावर एकदम घसरतो. त्यामुळे गाडीतला संगणक आत किती गेलं आणि बाहेर किती आलं एवढीच नोंद ठेवत बसतो, शिल्लक वजाबाकीनं काढतो. या वजाबाकीत रोज थोडी खोट राहते आणि ती साठत जाते. शंभरपर्यंत भरलं की शेवटी शेवटी व्होल्टेज वर उसळतं, संगणकाला कळतं की आता खरोखर भरली, आणि तो आपली वही जुळवून घेतो. म्हणजे "शिल्लक दाखवा" म्हणत ज्यानं उभ्या जिल्ह्यातल्या कारकुनांना घाम फोडला, त्यानं कर्ज काढून, तेरा लाख मोजून, बिनपासबुकाचं खातं उघडलं.

हे त्यांना कळलं तेव्हा गाडी दारात येऊन महिना झाला होता. दुसरा कोणी असता तर आकड्यावर विश्वास ठेवून मोकळा झाला असता. भाऊजींनी समांतर वही उघडली. स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटी डायरी, तिला सुतळीनं बांधलेलं पेन. निघताना किती, कोणत्या गावाला किती, एसी किती मिनिटं, वारा समोरून की मागून, ताई सोबत आहे की नाही. हा शेवटचा रकाना ताईला बरेच दिवस माहीत नव्हता. माहीत झाला त्या दिवशी भाऊजींना आम्ही फोन केला नाही.

भाऊजींच्या घरून, म्हणजे अमरावतीहून, अकोला शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. हा रस्ता साधासुधा नाही. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. या विश्वविक्रमी रस्त्यावरून भाऊजी ताशी ५५ नं जातात. "साठीच्या वर गेलं की वारा युनिट खाते," हे त्यांचं सूत्र, आणि शास्त्राला धरूनच आहे. मागून ट्रक हॉर्न मारतात, बाजूनं वऱ्हाडाच्या जीपगाड्या बँडच्या पोरांसकट पुढे जातात. मुर्तिजापूर आलं की ताई खिडकीतून त्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या बाजूला पाहते आणि म्हणते, "थे बरी होती. टेसनावर उतरून चहा तरी पेता येत होता."

एकदा मात्र या मार्गावर खरंच चहा प्यायची पाळी आली. ही हकीकत ताईच्या तोंडून ऐकावी. लग्नसराईचे दिवस, दोन शनिवार लागोपाठ हुकलेले, गाडी कुठं चाळीस, कुठं सत्तर अशी अर्धपोटी भरलेली. अकोल्याहून परत निघताना आकडा चौसष्ट होता. कुरूमच्या पुढं चोवीस. भाऊजींनी डायरीत चोवीस लिहिले, पेन खाली सोडलं, वर पाहिलं तर अकरा. तेरा टक्क्यांचा अपहार डोळ्यांदेखत! त्यांनी लगेच एसी बंद केला आणि काचाही लावून घेतल्या, कारण उघड्या काचांनी वारा अडतो. दुपारचे तीन. ताई सांगते, "मी म्हटलं, गाडी गेली तरी चालन, मी राह्यली पायजे."

रस्त्याकाठच्या एका गावात पिठाची गिरणी सापडली. गिरणीत पंधरा अँपिअरचा बोर्ड होता, पण गिरणीची मोटर आणि गाडी असे दोन्ही भार एकदम झेपणार नव्हते. गिरणीवाला दिलदार. त्यानं मोटर बंद केली, चार्जर लावू दिला, खुर्च्या टाकल्या आणि चहा सांगितला. दळणाचे डबे ओळीनं थांबले. तासाला दहा टक्के या हिशेबानं गाव जमत गेलं. ज्वारीचा डबा घेऊन आलेल्या एका म्हातारीनं नळी लागलेली गाडी बराच वेळ न्याहाळली आणि भाऊजींना विचारलं, "काय दळून राह्यले जी एवढ्या मोठ्या डब्यात?"

गिरणीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. फुकट घेणं भाऊजींच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून त्यांनी त्याचं वीजबिल मागवलं आणि तपासून दिलं. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, एकेक रकाना समजावून सांगितला. बिलात चूक काहीच नव्हती. पण कोणता आकार कशाचा हे त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि ताई म्हणते, कळल्यावर तो आधीपेक्षा दुःखी दिसायला लागला.

तेव्हापासून शनिवार हुकत नाही.

चिखलदऱ्याचं प्रकरण वेगळं, आनंदाचं. परतवाड्याहून वर चढताना सहासष्टचे बेचाळीस झाले. खाली उतरताना मोटर उलटी फिरून वीज आत ढकलते, तेव्हा बेचाळीसचे पंचेचाळीस होऊन गाडी परतवाड्यात आली. एक छदाम न देता तीन टक्के! भाऊजींनी त्या आकड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला; भीमकुंडाचा, गाविलगडाचा एकही टाकला नाही. "चढताना चोवीस गेले त्याचं काय?" असं मी विचारलं. "थो भांडवली खर्च," भाऊजी म्हणाले.

या सगळ्यात आमचे बाबा बरेच दिवस काही बोलले नव्हते. बाबांचं बार्शीटाकळीकडं पाच एकर वावर आहे. कपाशी, तूर, सोयाबीन. मृगाच्या आधीचे दिवस होते, रसाळीचं जेवण ठेवलेलं. भाऊजी-ताई संध्याकाळी सहाला अकोल्यात पोचले. जावई उतरला की आमच्याकडं आधी पायावर पाणी घालतात. भाऊजींनी ती बादली हातातून घेतली, तिच्यात मूठभर मीठ टाकलं आणि मागच्या अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यात ओतली. अर्थिंग कोरडं असलं की त्यांचा चार्जर लाल दिवा दाखवून रुसतो. नळ आमच्याकडं चार दिवसांनी येतो. आई दारातून पाहत होती. "जवाईबापू, अजून पाजू काय त्याले?" एवढंच ती म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सूर आम्हा भावंडांच्या ओळखीचा आहे.

कूलरचा पंधरा अँपिअरचा बोर्ड गाडीला मिळाला. कूलर साध्या बोर्डावर गेला आणि वारा टाकायचा सोडून घरघर करू लागला. बाबा खाट घेऊन निंबाखाली येऊन बसले. समोर गाडीवर हिरवा दिवा उघडझाप करत होता.

"याच्यात हाय काय पण?" बाबांनी विचारलं.

भाऊजी याच प्रश्नाची इतकी वर्षं वाट पाहत होते. "मामाजी, लिथियम, लोखंड न् फॉस्फेट."

"लोखंड म्हणजे आपलं विळ्याचं?"

"थेच."

"न् फॉस्फेट म्हणजे डीएपीतलं?"

"थेच म्हणा."

बाबांनी तंबाखू मळायचं थांबवलं. "विळा न् डीएपी. मंग याचे तेरा लाख कायचे?"

भाऊजींनी डायरी काढली. मला त्यांचं कौतुक वाटतं ते इथं. चिडले नाहीत, हिशेब मांडला. तीस युनिटच्या बॅटरीत हे फॉस्फेटचं मीठ असतं साधारण साठ किलो. त्यात लोखंड वीसएक किलो. लिथियम, ज्याच्या नावानं सगळी गाडी विकतात, ते तीन किलोही भरत नाही. आणि फॉस्फरस बारा किलोच्या आसपास. डीएपीच्या पन्नास किलोच्या पोत्यावर १८:४६ छापलेलं असतं. त्या सेहेचाळीस टक्के फॉस्फेटातला नुसता फॉस्फरस धरून उलटा हिशेब केला तर गाडीत सव्वा पोतं डीएपीचा फॉस्फरस बसतो.

"सव्वा पोतं," बाबा म्हणाले. गाडीकडं त्यांनी पहिल्यांदा आदरानं पाहिलं. "एका एकराचं खत घेऊन फिरून राह्यले तुमी."

मग बोलणं रांगेवर गेलं. पेरणीच्या तोंडावर डीएपीसाठी कृषी केंद्रासमोर किती उभं राहावं लागतं ते वऱ्हाडात सांगायला नको. डीएपी बरंचसं बाहेरून येतं, आणि चीननं २०२१ पासून फॉस्फेट खताच्या निर्यातीला वेळोवेळी लगाम घातला, त्याची झळ इथल्या रांगेपर्यंत पोचते. फॉस्फेटच्या बॅटरीचे सेलही जगात मुख्यतः तिकडंच तयार होतात; जुलै २०२५ मध्ये त्यांनी या बॅटरीच्या कॅथोडचं तंत्रज्ञान परवानगीशिवाय बाहेर द्यायलाही मनाई केली. भाऊजींनी हे सगळं तारखांसकट सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाली काढलं. "म्हणजे माह्यं खत न् तुमची गाडी एकाच दुकानातून येते. न् दुकानदार दोघाईले उभं ठेवते."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, वीज तरी आपल्या घरची आहे. अकोल्यापासून जवळ पारसला २५०-२५० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. तुमच्या गाडीचा धूर तुम्ही अमरावतीत न सोडता आमच्या बाळापूर तालुक्यात सोडता. भाऊजींना हा आक्षेप मान्य नव्हता, पण नोंदवून मात्र घेतला. बदल्यात त्यांनी स्वतःचा एक काढला. या बॅटरीचा पहिला मोठा शोधनिबंध १९९७ चा, अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातला. त्यावरची पहिली दोन नावं पाढी आणि नंजुंडस्वामी, शेवटचं गुडइनफ साहेबांचं. २०१९ मध्ये लिथियम बॅटरीसाठी नोबेल मिळालं ते साहेबांना आणि आणखी दोघांना. "पयल्या दोन सह्या आपल्या, बिल मंजूर झालं तिसऱ्याच्या नावावर," भाऊजी म्हणाले. खरं तर ते नोबेल या एका निबंधाचं नव्हतंच, साहेबांचं मोठं काम त्याच्या आधी सतरा वर्षं झालेलं होतं. पण नोबेल मिळालं तेव्हा साहेब सत्त्याण्णव वर्षांचे होते हे ऐकल्यावर बाबा हळहळले. थकबाकी एवढी उशिरा मिळते हे त्यांना सरकारी खात्यांपुरतंच माहीत होतं.

रात्रीचं जेवण झालं. रस, सरगुंडे, कुरड्या, वांग्याची भाजी. त्या दिवशी शनिवार असल्यामुळं भाऊजींना सरगुंडे चालत नव्हते, नुसता रस चालत होता, आणि तो त्यांना इतका चालला की आईचा बादलीचा राग निवळला. गाडी शहाऐंशीवर आली होती. भाऊजी हात धुऊन तिच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि तेवढ्यात लाईट गेली.

मे महिन्यातल्या रात्री अकोल्यात लाईट जाते तेव्हा गल्लीतून एक सामुदायिक "अऽऽ" निघतो, मग सगळे अंगणात येतात. अर्धा तास झाला, पाऊण झाला. निंबाचं पान हलेना. गॅलरीतल्या कोणी तरी सांगितलं, डीपी उडाली, दोनेक तास तरी लागतील. आजीला धाप लागायला लागली. आई पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

बाबा म्हणाले, "जवाईबापू, भरली ना तुमची?"

"शहाऐंशी. चौदा राह्यले. आज शनवार हाय ना, वही जुळवा..."

"मंग कूलर लावा त्याच्यावर."

भाऊजींनी समजावलं की गाडीतून घराला वीज द्यायची सोय नव्या काही गाड्यांत असते, त्यांच्या गाडीत नाही. बाबा म्हणाले, मंग गाडीत थंडी होते काय? होते, म्हणाले भाऊजी, आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. नुसतं बटण दाबलं की एसी. भाऊजी स्वतः तो एसी मुर्तिजापूरपर्यंत लावत नाहीत. आजीला पुढच्या सीटवर बसवलं, तिच्या मांडीवर शेजारचं धाकटं पोट्टं. बटणं कळतात म्हणून ताई स्टिअरिंगपाशी. मागं बाबा, आई, शेजारच्या काकू आणि त्यांचं मोठं पोट्टं. "पाच जणांची गाडी हाय, सात झाले," असा लेखी स्वरूपाचा आक्षेप भाऊजींनी बाहेरून घेतला. त्याची दखल कोणी घेतली नाही. चार्जरची नळी अजून गाडीच्या तोंडाला तशीच होती, तिच्यातून काहीही येत नव्हतं, आणि भाऊजी ती धरून उभे होते. कपाळावरून घाम डायरीवर ठिबकत होता. एसीला तासाला तीन-चार टक्के लागतात हे त्यांना माहीत होतं. माहीत असूनही ते मिनिटामिनिटाला मोबाइल उघडत होते.

आत आजीला बरं वाटलं. तिनं देवाचं नाव घेतलं, मग ताईला विचारलं, "याच्यात भजन लागते काय वं?" ताईनं तुकडोजी महाराजांचं भजन लावलं. भाऊजींच्या तोंडून "आवाज कमी, आवाज..." एवढंच निघालं.

शेवटी न राहवून त्यांनी मागचं दार उघडलं आणि आत डोकं घालून म्हणाले, "मामाजी, त्र्याऐंशी झाले."

"तुमाले सांगतो," बाबा डोळे न उघडता म्हणाले, "आधी दार लावा. थंडी चालली सगळी बाहेर."